रॅपरच्या शब्दांना लेखकाचा मान आणि मोबदला मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतील रॅप गायकांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ‘एमसी तोडफोड’ या नावाने गाणाऱ्या धर्मेश परमारचा उल्लेख ‘गली बॉय चित्रपटातील रॅपर’ एवढ्यावर आटोपला आहे. लेख आपुलकीने लिहिलेला आहे याबद्दल वाद नाही. तरीही हा उल्लेख मनाला लागला. मार्च 2022 मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, धर्मेश गेला तेव्हाही बहुतेक बातम्यांचे मथळे असेच होते. स्वतःच्या भाषेत स्वतः लिहून, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय उभ्या राहिलेल्या कलावंताची ओळख एका चित्रपटाच्या नावाखाली झाकली जावी, हे त्याच्या कामाला धरून नाही.

‘गली बॉय’ फेब्रुवारी 2019 मध्ये प्रदर्शित झाला. धर्मेश त्याच्या कितीतरी आधीपासून ‘स्वदेसी’ या समूहाबरोबर रॅप करत होता. मुंबईच्या रॅपमध्ये हिंदीचे वर्चस्व असताना त्याने आपली गुजराती धरून ठेवली आणि त्याच मंचावर एमसी मवाली व मूळचा अमरावतीचा सौरभ अभ्यंकर हे त्याचे सोबती मराठीत गात होते. एकाच गाण्यात तीन-तीन भाषा नांदाव्यात आणि कोणत्याही श्रोत्याला त्या परक्या वाटू नयेत, ही किमया या मुलांनी सहज साधली. ज्या ‘इंडिया 91’ गाण्यामुळे धर्मेशचे नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आले, त्याची मुळेही चित्रपटाबाहेरची आहेत. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी ‘ता धोम’ या आपल्या प्रकल्पात या रॅपरांना कर्नाटक संगीतातील कोन्नकोल, म्हणजे तोंडाने म्हणायचे तालाचे बोल, शिकवले आणि त्या लयीवर त्यांच्याकडून रॅप बांधून घेतला. इतकी वर्षे मुरलेले काम चित्रपटाने उचलले, त्याला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला, आणि त्याबद्दल चित्रपटाचे श्रेय त्याला जरूर द्यावे. परंतु झाड दुसऱ्याने लावलेले असताना फळाची पेटी ज्याने बाजारात नेली त्याचेच नाव झाडाला देणे न्याय्य होणार नाही.

2019 मध्येच ‘स्वदेसी’ने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. मुंबईच्या आरे वसाहतीतील आदिवासी कार्यकर्ते आणि कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेमधील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवण्याचा आदेश देईपर्यंत बरेचसे होऊन गेले होते. तेथील पाड्यांवर राहणाऱ्या माणसांचे म्हणणे त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच आवाजात शहरातल्या तरुणांपर्यंत पोचवण्याचे काम या गाण्याने केले. शाहिरीची थोर परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला ही गोष्ट कौतुकाची वाटायला हवी होती. आपल्याकडील वाङ्मयीन नियतकालिकांनी या गाण्याची शब्दरचना म्हणून दखल घेतल्याचे मात्र माझ्या वाचनात आले नाही.

मी कल्याण परिसरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझे काही आजी-माजी विद्यार्थी रॅप करतात आणि त्यांच्या वह्या पाहण्याचा योग मला वरचेवर येतो. अशा एका वहीतील पान मी बारकाईने पाहिले. प्रत्येक ओळीत श्वास कोठे घ्यायचा तेथे तिरकी रेघ मारलेली होती. ओळीच्या पोटात जुळणारे उच्चार लाल शाईने अधोरेखित केले होते. समासात चार-चार मात्रांचे गट मोजून लिहिले होते आणि एक शब्द तालात बसेना म्हणून त्याला पाच पर्याय शोधून चार खोडले होते. वर्गात अंतर्यमक आणि यती शिकवताना आम्हा अध्यापकांना जी उदाहरणे द्यावी लागतात, ती या मुलाने कोणी न सांगता आपल्या गरजेपोटी तयार केली होती. त्याच्या काही ओळी कच्च्या होत्या आणि शिव्यांचा सोसही मला अनावश्यक वाटला, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. पण हे लेखन आहे, गंभीरपणे केलेले लेखन आहे, याविषयी मला शंका नाही.

या लेखनावर पोट भरणे किती अवघड आहे, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. बीट, म्हणजे शब्दांखाली वाजणारे तालसंगीत, ते करणाऱ्याकडून विकत किंवा वापरापुरते घ्यायचे, भिंतींना रजया लावलेल्या खोलीत आवाज मुद्रित करायचा, मुद्रित आवाज व संगीत जुळवून घोटण्याचे, म्हणजे मिक्सिंग-मास्टरिंगचे, पैसे वेगळे मोजायचे, गाणे स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या वितरकाची फी भरायची, मित्रांच्या मदतीने व्हिडिओ काढायचा, आणि हे सारे झाल्यावर गाणे लोकांपर्यंत पोचावे म्हणून समाजमाध्यमांवर रोज हजेरी लावायची. स्ट्रीमिंगमधून हाती येणारी रक्कम एका ऐकण्यामागे पैशांत मोजावी इतकी अल्प असते. कार्यक्रमाला बोलावणारे पुष्कळदा मानधनाऐवजी ‘तुम्हाला व्यासपीठ मिळेल’ असे सांगतात. मंडपवाल्याला आणि ध्वनियंत्रणावाल्याला मात्र आगाऊ रक्कम दिलेली असते. दिवसा डिलिव्हरीचे किंवा कॉल सेंटरचे काम आणि रात्री लेखन, असा बहुतेकांचा क्रम आहे. घरच्यांची समजूत घालणे हे आणखी एक काम, आणि ते कधीच संपत नाही.

अशा स्थितीत एखादी कंपनी करार घेऊन आली तर मुलगा हरखून जातो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने असा करार माझ्याकडे वाचायला आणला होता. पाने बरीच होती, भाषा इंग्रजी होती आणि मुदत सहीसाठी दोन दिवसांची. एकरकमी मोबदल्याच्या बदल्यात गाण्याचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे, त्याने द्यायचे होते; पुढे कोणत्याही रॉयल्टीवर, म्हणजे गाण्याच्या वापरामागे मिळणाऱ्या मोबदल्यावर, दावा करणार नाही, असेही त्यात लिहून घेतले होते. त्याला देऊ केलेली रक्कम एका बऱ्या मोबाइलच्या किमतीएवढी होती.

माझ्या या पत्राचा मुख्य मुद्दा येथे आहे. कॉपीराइट कायद्यात 2012 साली जी दुरुस्ती झाली, जिच्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि सभागृहाबाहेरही कसून प्रयत्न केले, तिच्यानुसार गाण्याचे शब्द लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला, ते गाणे चित्रपटाचा भाग नसले तरी, त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क तो कायदेशीर वारस किंवा नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी (कर्त्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था) यांच्याखेरीज कोणाच्याही नावे करू शकत नाही आणि सोडूनही देऊ शकत नाही. तसे लिहून दिले तरी तो मजकूर रद्दबातल ठरतो. चित्रपटातील गाण्यांनाही, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता, असेच संरक्षण आहे. कलम 57 प्रमाणे तर हक्क विकल्यानंतरही कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. रॅपर स्वतःचे शब्द स्वतः लिहितो, म्हणून तो पूर्णार्थाने गीतकार आहे, आणि गीतकाराला मिळणारे प्रत्येक संरक्षण त्याला लागू आहे. ही गोष्ट त्या विद्यार्थ्याला ठाऊक नव्हती, त्याच्या मित्रांनाही नव्हती. एका वकील स्नेह्यांनी रॉयल्टीची ही तरतूद वाचून दाखवल्यावर त्याने सही केली नाही.

कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पुढील 60 वर्षे त्याच्या शब्दांवरील हक्क जिवंत राहतो. धर्मेशने लिहिलेल्या शब्दांपुरता विचार केला तर ही मुदत 2082 च्या अखेरीपर्यंत जाते. मृत्यूच्याच महिन्यात त्याचा ‘ट्रुथ अँड बेस’ हा अल्बम आला होता. इतक्या लहान वयात गेलेल्या कलावंताच्या कुटुंबासाठी ही तरतूद केवढी मोलाची आहे, आणि नोंदणी, करारनामे व श्रेयनामावली नीट नसतील तर ती किती सहज निसटून जाऊ शकते, याचा विचार प्रत्येक तरुण रॅपरने आजच करायला हवा.

वृत्तपत्रांकडूनही काही अपेक्षा आहेत. स्वतंत्रपणे काम करणारा रॅपर बातमीत येतो तो चित्रपटात किंवा दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत दिसल्यावर, अकाली गेल्यावर, किंवा पोलिसांत गुन्हा नोंदला गेल्यावर. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे यांच्या राजकीय रॅप गाण्यांवरून गुन्हे नोंदवले गेले, तेव्हा दोघांची नावे पानापानांवर आली. त्या चर्चेत त्यांच्या रचनेविषयी, मराठीच्या वापराविषयी, लयीविषयी कोणी चार ओळी लिहिल्या असत्या तर वाचकाला ती गाणी पारखण्याचा आधार मिळाला असता. पसंत पडली नाहीत तर तसे लिहावे. परखड परीक्षण हाही लेखकाचा मानच आहे.

म्हणून आपणांस विनंती आहे की, पुस्तक परिचयाच्या पानावर महिन्यातून एकदा तरी मराठीतील एखाद्या स्वतंत्र रॅप अल्बमचे परीक्षण द्यावे आणि गाण्याचा उल्लेख करताना शब्द कोणाचे व बीट कोणाची हे आवर्जून छापावे. गीतकार व संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ने नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर अशा ठिकाणी मराठीतून सदस्यनोंदणीची शिबिरे घ्यावीत. राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने कराराचा एक साधा मराठी नमुना, वरील कलमांच्या स्पष्टीकरणासह, आपल्या संकेतस्थळावर ठेवावा. त्यासाठी फार मोठा निधी लागणार नाही. आमच्या महाविद्यालयात येत्या सत्रात वकिलांना बोलावून या विषयावर एक खुले व्याख्यान ठेवण्याचा माझा प्रयत्न आहे आणि परिसरातील रॅप करणाऱ्या सर्व मुलामुलींना, ते आमचे विद्यार्थी असोत वा नसोत, तेथे प्रवेश असेल.

कळावे,
आपली नम्र,
मराठीची एक अध्यापिका, कल्याण