माझी शपथ मस्कतच्या दूतावासातून घ्या : केंद्रीय विधी व न्यायमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातला. ११ वर्षं मस्कतला इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. मागच्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या एका साप्ताहिकात छापून आलं, की व्हिसा काढून देतो म्हणून मी गावातल्या पोरांचे पैसे बुडवले. मी कुणाचा एक रुपया घेतलेला नाही. घरच्यांनी हे मला तीन महिने कळू दिलं नाही. शेवटी मावसभावाने कात्रणाचा फोटो पाठवला.

वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. रोज पहाटे किटली घेऊन स्वतः डेअरीत दूध घालायला जायचे. तिथल्या रांगेत एकाने विचारलं, "मास्तर, पोरानं किती जणांना टोपी घातली?" त्या रांगेतले निम्मे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्या दिवसापासून किटली पुतण्या नेतो.

वडील म्हणाले, कुलमुखत्यारपत्र पाठव, मी फिर्याद देतो. वकिलांनी कायदा दाखवला. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२२ प्रमाणे अब्रुनुकसानीची फिर्याद ज्याची बदनामी झाली त्यानेच द्यायची. अज्ञान मूल, आजारी, मानसिकदृष्ट्या अक्षम, रूढीमुळे चारचौघांत न येणारी स्त्री, एवढ्यांसाठीच न्यायालयाच्या परवानगीने दुसऱ्याला फिर्याद देता येते. परदेशी राहणारा त्यात नाही.

मग १० दिवसांची रजा काढून मी आलो. फिर्याद दाखल झाली, पण शपथेवरच्या जबाबाच्या दिवशी न्यायाधीश रजेवर. पुढची तारीख सव्वा महिन्यानंतरची. व्हिडिओवरून जबाब घ्यावा असा अर्ज केला, तोही नामंजूर झाला. परतीचं तिकीट हातात होतं. मी निघून आलो.

महोदय, याच संहितेच्या कलम ५३० मध्ये फिर्यादीचा जबाब दृकश्राव्य माध्यमातून घेता येईल असं स्पष्ट लिहिलेलं आहे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष मुंबईतल्या खटल्यात व्हिडिओवरून घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रफुल्ल देसाई प्रकरणात २००३ सालीच सांगितलं. म्हणजे वाट आहे. पण "घेता येईल" या दोन शब्दांवर सगळं अडतं. घ्यायचा की नाही, हे त्या त्या न्यायालयाच्या मर्जीवर राहतं. आणि पुढे समन्स निघाल्यावर फिर्यादी तारखेला नसला, तर कलम २७९ खाली ३० दिवसांची मुदत देऊन आरोपी निर्दोष सुटू शकतो.

दिवाणी दाव्याचं तर विचारूच नका. छापील बदनामीच्या भरपाईला मुदत एक वर्षाची, तीही छापल्या दिवसापासून. प्रतिवादी परदेशी असेल तर तो काळ मुदतीतून वगळतात, मुदत कायद्याचं कलम १५ तसं सांगतं. वादी परदेशी असेल तर एक दिवसही वगळत नाहीत. माझे तीन महिने तर मला कळायच्या आधीच गेले होते.

मला सवलत नको आहे. माझ्या जागी वडिलांनी उभं राहावं असंही आता वाटत नाही. बदनामीच्या फिर्यादी लोकांना छळायलाही वापरल्या जातात, म्हणून फिर्यादीला न्यायालयाने स्वतः पाहावं, विचारावं, विरुद्ध बाजूने उलटतपासणी घ्यावी, हे योग्यच आहे. मी उत्तरं द्यायला तयार आहे. फक्त ती मस्कतच्या भारतीय दूतावासात बसून देऊ द्या. पासपोर्ट तिथेच तपासतात, कुलमुखत्यारपत्रावर शिक्का तिथेच मारतात, तर ओळख पटवून शपथही तिथे देता येईल. भारतात अकराला कोर्ट बसतं तेव्हा मस्कतला साडेनऊ वाजलेले असतात.

परदेशी राहणाऱ्या फिर्यादीने मागणी केली तर दूतावासातून जबाब घेणं बंधनकारक करा, आणि एक वर्षाची मुदत त्याला मजकूर कळल्या दिवसापासून मोजा. एवढी दुरुस्ती संसदेपुढे आणावी ही विनंती.

माझी पुढची तारीख २३ ला आहे. कंपनीने रजा नाकारली आहे. वडील त्या दिवशी कोर्टात जाऊन बसणार आहेत. त्यांना बोलता येणार नाही, हे माहीत असूनही.

आपला,
मस्कतहून एक फिर्यादी