रविवारची सहल : खाणीतले दगड (सर्व सभासदांसाठी)

येत्या रविवारी सकाळी पावणेसहाला दादरला, मध्य रेल्वेच्या तिकीट खिडकीपाशी जमायचे आहे. पहिली कर्जत लोकल मिळेल ती पकडू. येताना मेगाब्लॉक असू शकतो, त्यामुळे संध्याकाळची कामे ठेवू नका.

खाणमालकाची परवानगी घेतली आहे, पण फक्त पडलेल्या ढिगाऱ्यापुरती. उभ्या कड्याखाली कोणीही जायचे नाही.

"जीवाश्म मिळतील का?" असे बऱ्याच जणांनी विचारले. इथे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसॉल्ट, म्हणजे थिजून झालेला काळा कातळ. जीवाश्म सापडतात ते दोन लाव्हांच्या मधल्या गाळाच्या थरात. वरळीचे प्रसिद्ध जीवाश्म बेडूक तसल्याच थरातले. आपण शोधणार आहोत ते लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक: मोतिया किंवा फिकट गुलाबी स्टिलबाइट, काचेसारखा अपोफिलाइट, नशीब असेल तर हिरवट. पांढरा स्फटिक चाकूने ओरखडला गेला तर तो क्वार्ट्झ (कठीण गारगोटी) नव्हे, बहुधा कॅल्साइट हे मऊ खनिज.

हातोडी, छिन्नी, जाड बूट, पाणी, डबा आणि नमुने गुंडाळायला भरपूर रद्दी आणा. संरक्षक चष्म्याशिवाय हातोडी हातात मिळणार नाही. बेसॉल्टची कपची डोळ्यात गेली की हौस महागात पडते. प्रत्येक नमुन्यासोबत जागेची चिठ्ठी गुंडाळा, नाहीतर घरी तो नुसता शोभेचा दगड. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा बेसॉल्टचा सुळका संरक्षित आहे, तिथला तुकडा कोणी दाखवायला आणू नये.

नावे शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा.