पोत्यावरची चिठ्ठी : वरच्या मजल्यावरच्या दादांचे आभार

दादा,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषयच उडवता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

त्या रात्री सर्व्हरची चावी, म्हणजे आत शिरायची गुप्त फाइल, माझ्याच लॅपटॉपवर होती आणि एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरला जोडणारा प्रोग्रॅम, ती घ्यायला तयार नव्हतं. परवानग्या ०७७७, म्हणजे कुणीही वाचा, बदला, चालवा इतक्या मोकळ्या, ही तक्रार. विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमधल्या उबुंटूतून परवानग्या बदलायची कमांड, सीएचमॉड ६०० (फक्त मालकानं वाचावं-लिहावं), चार वेळा मारली. एरर नाही, काही नाही. फायलींची यादी दाखवणारं एलएस करून बघावं तर ७७७ जसेच्या तसे. एरर आली असती तर निदान शिवी तरी हासडता आली असती! साडेदहाला तुमची बेल वाजवली.

तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. एवढंच विचारलंत, "फाइल कुठंय?" सी ड्राइव्हवर. "मग तिथं लिनक्सची परवानगी लिहिणार कुठं?" आणि थेट मार्केट यार्डातली हळद काढलीत. विंडोज डिस्कवर फायली ठेवतं त्या एनटीएफएस पद्धतीची परवानग्यांची यादी वेगळी. डब्ल्यूएसएलमधला मेटाडेटा हा पर्याय चालू केला की लिनक्सचे मालक, गट आणि आकडे फाइलला चिकटतात, पोत्याला लॉटची चिठ्ठी लावावी तसे. चिठ्ठी वाचतो लिनक्स. गोदामाचा विंडोज रखवालदार तिच्याकडं बघतही नाही, तो आपल्या यादीवरच चालतो. माझ्या वडिलांचं आयुष्य यार्डात गेलं, मला हे एका दमात कळलं.

पुढचं पाच मिनिटांचं. लिनक्सच्या ईटीसी फोल्डरमधल्या डब्ल्यूएसएल डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये, ऑटोमाउंट (विंडोजचे ड्राइव्ह आपोआप जोडणं) खाली मेटाडेटा, आणि नको त्या परवानग्या वगळणारे यूमास्क २२, एफमास्क १११. म्हणजे चिठ्ठी नसलेल्या फायली ६४४ आणि फोल्डर ७५५ दिसणार, बदल फक्त मालकानं करायचा. मी उबुंटूची खिडकी मिटून लगेच उघडली, फरक शून्य. तुम्ही हसलात. डब्ल्यूएसएल तेवढ्यानं झोपत नाही, विंडोजच्या पॉवरशेलमधून डब्ल्यूएसएल शटडाउन ही कमांड द्यावी लागते. मग मारलेलं ६०० टिकलं.

वर तुम्हीच म्हणालात, "चावी खरं तर लिनक्सच्या होममध्येच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फोल्डरात, ठेव." मग एवढा खटाटोप कशाला, हे ओठांवर आलं होतं, गिळलं. दुसऱ्या दिवशी कळलं. लिनक्स मशीनवरून कॉपी करून सी ड्राइव्हवर आणलेल्या प्रोजेक्टमध्ये गिट (कोडमधले बदल नोंदवणारा प्रोग्रॅम) एकूण एक फाइल बदललेली दाखवायचं, ६४४ च्या जागी ७५५ दिसतंय म्हणून. त्या सेटिंगनं तेही गप्प झालंय.

दाराशी भडंगाचा डबा ठेवलाय. डबा आईचा आहे, तेवढा परत द्या.

तुमचा,
तळमजल्यावरचा
विश्रामबाग, सांगली