वेदनाशमन नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत आणा : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आपण प्रकुलपती आहात, म्हणून ही मागणी आपल्याकडे करत आहोत. बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत वेदनाशमन आणि ओपिऑइड (मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामक) औषधांची हाताळणी सक्तीची करा. अभ्यासक्रमात वेदनेचा धडा आहे आणि विद्यार्थी तो चांगला लिहितातही. पण वॉर्डात ‘मॉर्फिन म्हणजे व्यसन’ हेच कानावर पडतं आणि तेच डोक्यात बसतं.

या भीतीची किंमत रुग्ण मोजतो. कॅन्सरच्या रुग्णाला ‘एसओएस’ (गरज पडल्यास) लिहिलेला डोस तो विव्हळायला लागेपर्यंत मिळत नाही. तोंडाने दिलेल्या साध्या मॉर्फिनचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून ते घड्याळ बघून द्यायचं असतं. मधेच कळ उठली तर दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग जादा; दिवसाला ६० मिलिग्रॅम घेणाऱ्याला १० मिलिग्रॅम. हे गणित विद्यार्थ्याला खाटेशेजारी करता आलं पाहिजे. सोबत पहिल्या दिवसापासून रेचक हवं. मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ ओसरत नाही, आणि त्याला कंटाळून रुग्ण गोळ्याच सोडून देतो. नेहमी मॉर्फिन घेणाऱ्याला रात्री पेंटाझोसिन या मॉर्फिनचा असर अडवू शकणाऱ्या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं, तर आराम पडायच्या ऐवजी दुखणं उसळून घाम, थरथर, अस्वस्थपणा सुरू होऊ शकतो. असा आदेश दिसला तर थांबून डॉक्टरांना विचारण्याचं धाडस नर्सला ज्ञानातूनच येतं.

खरा धोका श्वास मंदावण्याचा. त्याआधी बहुधा गुंगी चढते, म्हणून नुसते श्वास मोजून भागत नाही. हाकेला रुग्ण कसा प्रतिसाद देतो हेही दर वेळी नोंदवायला हवं. श्वास मिनिटाला आठच्या खाली आणि रुग्ण उठवता येत नसेल, तर आधी श्वासमार्ग मोकळा करून ऑक्सिजन, लागल्यास अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी). मग नॅलोक्सोन या मॉर्फिनचा असर उतरवणाऱ्या औषधाचा ०.४ मिलिग्रॅमचा अँप्यूल सलाइनने १० मिलिलिटर करून, एकेक मिलिलिटर दर दोन मिनिटांनी, श्वास सुधारेपर्यंत. पूर्ण अँप्यूल एकदम दिला की वेदना एका झटक्यात परत येतात. नॅलोक्सोनचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो, त्यामुळे रुग्ण जागा झाला म्हणून पाठ फिरवायची नाही. हे सगळं रात्री करायचं तर डॉक्टरांनी आधीच देऊन ठेवलेला लेखी स्थायी आदेश हवा आणि औषध वॉर्डातच हवं. कुलूपबंद स्टोअरमधलं नॅलोक्सोन निरुपयोगी.

गैरवापराचं शिक्षणही याच तासात व्हावं. फेंटानिल या दुसऱ्या ओपिऑइडच्या १०० मायक्रोग्रॅमच्या अँप्यूलमधले ५० दिले, तर उरलेले ५० कुठे गेले? ते दुसऱ्या नर्ससमोर टाकून दोघींच्या सह्या त्याच वेळी व्हायला हव्यात. पाळी संपताना रजिस्टर एकगठ्ठा भरण्याची सवय हीच चोरीची वाट असते. त्वचेवर चिकटवायच्या, वापरलेल्या फेंटानिल पॅचमध्येही औषध उरतं; तो चिकट बाजू आत दुमडूनच टाकायचा. ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली आहे, तरी अनेकजण त्याला साधी वेदनाशामक गोळी समजतात.

आणि वेळेआधी डोस मागणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. आधी वेदना मोजा, डोसमधलं अंतर तपासा. मात्रा पुरेशी झाल्यावर मागणी थांबली, तर ते दुखणंच होतं.

कायद्याची अडचण पुढे केली जाते, पण याच एनडीपीएस कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवण्याची वाट सोपी केली आहे. आमची मागणी खर्चाची नाही: परीक्षेत दहा मिनिटांचा एक टप्पा, सरावाला सलाइनचे अँप्यूल आणि कोरं रजिस्टर. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेलाही तोच नियम लावा. मात्र आधी शिक्षकांचं प्रशिक्षण घ्या, नाहीतर वॉर्डातली जुनी भीतीच नव्या टप्प्यात शिकवली जाईल.

आपले,
वेदनाशमन आणि नर्सिंग शिक्षणात काम करणारे शिक्षक