मज्जारज्जू सुईच्या जागेपर्यंत पोचतच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या अंकात एका गृहस्थांचं पत्र वाचलं. सिझरच्या वेळी पाठीत देतात ते भुलेचं इंजेक्शन थेट मज्जारज्जूत जातं, त्याने बायकांची कंबर जन्माची जाते, सबब हा प्रकार बंद करून सगळ्यांना पूर्ण भूल द्यावी, अशी त्यांची मागणी आहे. पत्र तळमळीने लिहिलंय. त्यांच्या सूनबाईंना त्रास होतोय आणि तो खोटा नाही. पण मी मिरजेत भूलतज्ज्ञ म्हणून उभी हयात घालवली आहे, आणि त्या पत्राचा पायाच चुकलाय हे मला सांगायला हवं. आम्ही सुई घालतो त्या जागी मज्जारज्जू नसतोच.

मेंदूचा सगळ्यात खालचा भाग, शाळेच्या पुस्तकातलं मस्तिष्कपुच्छ, कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या छिद्रापाशी संपतो आणि तिथून मज्जारज्जू सुरू होतो. मोठ्या माणसात त्याची लांबी साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी, वजन जेमतेम ३५ ग्रॅम. त्याच्याभोवतीचा मणक्यांचा कणा मात्र बराच लांब: मानेचे ७ मणके, छातीमागचे १२, कंबरेचे ५ आणि त्याखाली माकडहाडापर्यंत एकमेकांना जुळलेली हाडं. मज्जारज्जू या सगळ्या लांबीभर जात नाही. कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी तो निमुळता होतो आणि संपतो. शेवटची बरगडी पाठीला जिथे जोडलेली असते, तिथून एक-दोन मणके खाली, बस्स.

सुरुवातीला असं नसतं. आईच्या पोटात तिसऱ्या महिन्यात मज्जारज्जू पाठीच्या कण्याएवढाच लांब असतो. पुढे हाडं भराभर वाढतात, मज्जारज्जू तेवढा वाढत नाही. जन्माच्या वेळी त्याचं टोक कंबरेच्या तिसऱ्या मणक्याशी असतं आणि वाढीबरोबर ते आणखी वर राहतं. म्हणून तान्ह्या बाळाच्या पाठीतून पाणी (मज्जारज्जूभोवतालचा द्रव) काढताना सुई आणखी खाली घालावी लागते. आता मज्जारज्जू वर संपला तरी पायांच्या नसांना आपापल्या मणक्यातूनच बाहेर पडायचं असतं. एकूण ३१ जोड्यांपैकी खालच्या नसांची मुळं मज्जारज्जूच्या टोकापासून सुटून लांबच लांब खाली जातात. कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याशी, पाण्यात तरंगत, फक्त हीच मुळं असतात.

आम्ही जागा कशी शोधतो तेही सांगते. रुग्णाला बसवून सांगायचं, हनुवटी छातीला लावा, पाठ बाहेर काढा, हलू नका. कंबरेवर हात ठेवून उभं राहिलं की दोन्ही बाजूंना जी हाडं लागतात, त्यांच्या वरच्या कडा जोडणारी आडवी रेघ चौथ्या मणक्याच्या आसपास येते. तिथून बोटाने चाचपत तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यामधली फट पकडायची, नाहीतर त्याच्याही खालची. काही माणसांत मज्जारज्जू थोडा खाली उतरलेला असतो, म्हणून वरच्या फटींकडे आम्ही बघतही नाही. (बायका मला हमखास विचारायच्या, "मॅडम, माझ्या मणक्यात गॅप आहे, चालेल ना?" बाई, गॅप सगळ्यांच्याच मणक्यांत असते. नसती तर माझी सुई आत गेलीच नसती! गादी सरकते ती जागा पुढच्या बाजूला, माझी फट मागची.)

सुई केसांच्या पिनेपेक्षाही बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कातडी, मणक्यांना बांधून ठेवणारे चिवट स्नायुबंध आणि मग मज्जारज्जूवरून खालपर्यंत आलेलं बाहेरचं जाड आवरण. ते भेदलं की बोटांना अगदी हलकी टिचकी जाणवते आणि सुईच्या मागून स्वच्छ पाण्याचा थेंब येतो. तो दिसेपर्यंत औषध द्यायचं नाही. तिथल्या नसांचं म्हणाल, तर पातेल्यातल्या पाण्यात शिजलेल्या शेवया मोकळ्या सोडून त्यात सुई घालून बघा. शेवई बाजूला सरकते, टोचली जात नाही. क्वचित एखाद्या मुळाला सुई लागते. तेव्हा पायात करंट मारतो, बाई ओरडते, आणि आम्ही सुई तिथल्या तिथे मागे घेतो. ती जागी असते म्हणून हे कळतं. पत्रलेखकांना ज्या जागेपणीच्या भुलेची भीती वाटते, तिच्यातलं जागेपणच इथे उपयोगी पडतं.

दुसरा ठरलेला प्रश्न, "भूल डोक्यात चढणार नाही ना?" प्रश्न मुळीच भाबडा नाही. पाठीतलं हे पाणी आणि मेंदूभोवतालचं पाणी एकच. सगळं मिळून सुमारे १५० मिलिलिटर. रोज जवळपास ५०० मिलिलिटर नवं तयार होतं आणि जुनं रक्तात शोषलं जातं. म्हणूनच आमच्या औषधात साखर मिसळलेली असते. त्याने ते पाण्यापेक्षा जड होतं आणि उताराकडे बसतं. टेबल किती कलवायचं, केव्हा सरळ करायचं, हे आम्ही त्यावरून ठरवतो. सिझरसाठी बधिरपणा छातीच्या बोंडांच्या रेषेपर्यंत लागतो, त्याहून वर नको. आधी पाय गरम लागतात, मग जड होतात, मग उचलता येत नाहीत. पोटात ओढाताण जाणवते, दुखत नाही. दोन-तीन तासांत सगळं परत येतं.

पूर्ण भूल हवी असेल तर तीही देता येते, आणि काही वेळा द्यावीच लागते. पण दिवस भरलेल्या बाईला ती देणं जास्त जोखमीचं. तिच्या पोटातलं अन्न किंवा आम्ल श्वासनलिकेत जायची भीती असते, घशाला सूज असल्याने नळी घालणं अवघड जातं, आणि झोपेचं औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं. पत्रात यातलं काहीच नाही.

पाठीतल्या भुलेत धोका शून्य, असं मी म्हणणार नाही. रक्तदाब उतरतो, त्यासाठी आम्ही तयारच असतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून गोळ्यांची चिठ्ठी लपवू नका. जंतुसंसर्ग किंवा नसेला टिकून राहणारी इजा फार विरळा, पण होते. आणि डोकेदुखी. तिचा अनुभव या भुलेच्या जनकालाच आला. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या सर्जनने १८९८ साली ही पद्धत पहिल्यांदा रुग्णांवर वापरली. मग त्याने आणि त्याच्या सहायकाने एकमेकांवर प्रयोग करायचं ठरवलं. बिअरच्या पाठीत सुई गेली, पण सिरिंज सुईला नीट बसेना आणि बरंच पाणी बाहेर वाहून गेलं. सहायकावर प्रयोग साधला. त्याच्या बधिर नडगीवर हातोडा मारून पाहिला, सिगारचा चटका देऊन पाहिला, त्याला काही कळलं नाही. पुढे बिअर आठवडाभराहून जास्त अंथरुणाला खिळला. बसलं की डोकं ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं. कारण मेंदूचं वजन सुमारे १४०० ग्रॅम असलं तरी पाण्यात तरंगल्यामुळे ते पन्नासएक ग्रॅमच भरतं. पाणी गळालं की तो आधार जातो आणि उभ्या अवस्थेत मेंदूची आवरणं ताणली जातात. आताच्या बारीक, बोथट टोकाच्या सुयांनी हा त्रास पुष्कळ कमी झालाय. झालाच तर त्यावर उपाय आहे. अशी डोकेदुखी असेल तर घरी बाम चोळत बसू नका, भुलेच्या डॉक्टरांना कळवा.

राहिली कंबर. सुई टोचलेली जागा दोन-चार दिवस दुखते. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं खापर मात्र सुईवर फोडता येत नाही. पाठीतून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींची तुलना होऊन गेली आहे, दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. नऊ महिन्यांत सांधे सैल पडतात, पाठीचा बाक वाढतो, पोटाचे स्नायू ताणून ढिले होतात. त्यावर वाकून दूध पाजणं, पाण्याच्या कळश्या, आणि सव्वा महिना होतो न होतो तोच पुन्हा कामाला जुंपणं. नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बायका तेवढ्याच कण्हतात, पण त्यांच्याकडे दोष द्यायला सुई नसते. पत्रलेखकांनी सूनबाईंना अस्थितज्ज्ञांना दाखवावं, पोटापाठीचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट गाठावा, आणि घरात कळश्या कोण उचलतं तेही बघावं.

आमच्या लोकांनाही एक बोल लावायला हवा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं बसून हे चित्र काढून दाखवलं असतं तर ते पत्र लिहिलंच गेलं नसतं. सही घेण्याची घाई असते, समजावण्याची नसते.

जिथे मज्जारज्जू नाही तिथल्या सुईला आपण इतकं भितो, आणि जिथे तो आहे त्या मानेला बिनधास्त हात घालतो. पुणे–बेंगलोर हायवेवर अपघात झाला की पहिली गर्दी काय करते? पडलेल्याला बगलेत धरून बसवते, मान वर करून पाणी पाजते, हातपाय धरून जीपमध्ये कोंबते. मानेचा मणका मोडला असेल तर मज्जारज्जू तोपर्यंत शाबूत असूनही या उचलाउचलीत चिरडू शकतो. श्वासाच्या पडद्याला चालवणारी नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघते. त्याच्या वर इजा झाली तर श्वास थांबतो. त्याच्या खाली झाली तर माणूस जगतो, पण हातपाय जातात, लघवीचा ताबा जातो.

संपादकसाहेब, तुमच्या आरोग्य पुरवणीत कण्याचं बाजूने दिसणारं एक चित्र छापा. मज्जारज्जू कुठे संपतो तिथे एक खूण, सुईच्या जागी दुसरी. त्याच चित्राखाली हेही येऊ द्या: अपघातग्रस्ताला बसवू नका, पाणी पाजू नका, १०८ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं आहे तसं स्थिर धरा. आग लागली असेल किंवा भर रस्त्यात दुसरी गाडी अंगावर यायची भीती असेल, तरच हलवा; तेव्हाही डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून.

कळावे,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, मिरज