शिंकांना आजार मानणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता चारचौघांत का मांडते आहे, ते आधी सांगते. हातात दिलं असतं तर तुम्ही हसून ड्रॉवरमध्ये ठेवलं असतं. मग आमच्या राळेगाव तालुक्यातल्या निंदायला जाणाऱ्या बायांपर्यंत यातलं काहीच पोचलं नसतं. त्यांच्यातल्या कितीतरी जणी पदराला नाक पुसत दिवस काढतात, आणि याला इलाज असतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

माझं दुखणं तसं सांगायलाही लाज वाटावी असं. ना ताप, ना कळ. सकाळी डोळा उघडला की शिंका सुरू व्हायच्या आणि चहा होईपर्यंत थांबायच्या नाहीत. मग नाकाला धार, डोळ्यांची चुरचुर आणि टाळूला आतून अशी खाज की जिभेनं खाजवत बसावं. पोळा झाला की सुरुवात, सोयाबीन निघताना कळस. दिवाळीनंतर घरात कापूस भरला की रात्री दोन्ही नाकपुड्या बंद. उन्हाळ्यात काय ती उसंत. माझ्या सासूबाईंचं एकच म्हणणं, "सर्दीच त होय. सर्दीनं कोणी मेलं काय?" कोणी मेलं नव्हतं हे खरं. पण रात्रभर तोंडानं श्वास घेऊन पहाटे उठणारी बाई दिवसभर कपाशीच्या पराटीत कशी वाकते, हे कोणी विचारलं नाही.

आणि शिंकेचं आणखी एक आहे, जे सर्दीच्या कोणत्याही गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं. कोणी घराबाहेर निघताना शिंक आली की आपल्याकडे अपशकुन. त्यामुळे पेरणीच्या मुहूर्ताला तिफण निघायची तेव्हा मला मागच्या अंगणात पाठवायचे. दिराच्या लग्नाचं वऱ्हाड निघालं तेव्हा मी माजघरात तोंडाला पदर लावून बसले होते आणि बाहेर वाजंत्री वाजत होती. कोणी रागावून बोललं नाही, सगळे हसतच होते. तेच जास्त लागायचं.

तुमच्याकडे येण्याआधी काय काय झालं ते तुम्ही केसपेपरवर उतरवून घेतलंच आहे, म्हणून थोडक्यात सांगते. एक जण सुई टोचायचे. काही आठवडे नाक कोरडं राहायचं, मग पुन्हा तेच. दुसरीकडे सांगितलं, नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करा. मेडिकलमधून नाक मोकळं करणारे थेंब मिळायचे. ते टाकले की पहिले चार दिवस स्वर्ग, आणि पुढे थेंब टाकल्याशिवाय नाक उघडेचना. झोप आणणाऱ्या पिवळ्या गोळीनं शिंका थांबायच्या, पण दुपारी बांधावर बसल्या बसल्या डोळा लागायचा.

तुम्ही पहिल्या दिवशी औषध लिहायच्या आधी जे विचारत बसलात, ते मी विसरणार नाही. बाहेर बाकावर माणसं दाटली होती. तुम्ही विचारलंत, शिंका घरात जास्त येतात की शेतात? निंदताना काय उपटता, त्याला फुलं आलेली असतात का? सोयाबीन काढायचं यंत्र चालू असताना तुम्ही कोणत्या बाजूला उभ्या असता? कापूस कुठे ठेवता? या शेवटच्या प्रश्नाला मी चमकलेच. भाव वाढेल या आशेवर आमच्याकडे कापूस झोपायच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला असतो आणि त्याच्याच पायथ्याशी आम्ही झोपतो, हे डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे असं कधी वाटलंच नव्हतं. मग तुम्ही आमच्या घरच्यांकडे वळून विचारलंत, "या रात्री घोरतात का? खोकतात का?" ते गप्प. "मले झोप लागते नं मॅडम," एवढंच बोलले. तुम्ही नुसती मान हलवलीत. पण त्या रात्री ते खरंच जागे राहिले आणि सकाळी म्हणाले, "तू त रातभर झोपतच नाहीस वं."

दुर्बिणीनं नाक पाहून तुम्ही स्क्रीनवर दाखवलंत. मधला पडदा जरासा वाकडा होता, तसा तो पुष्कळांचा असतो. वाढलेलं हाड म्हणून मला जे सांगितलं होतं, ते नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचं सुजलेलं, फिकट पडलेलं मांस होतं. सूज उतरली तर ऑपरेशन कशाला, असं तुम्ही म्हणालात. स्वतःच्या हातचं ऑपरेशन नको म्हणणारा सर्जन मी पहिल्यांदा पाहिला. आठवड्यातून चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांहून जास्त काळ त्रास असेल, तर ती सतत राहणारी अ‍ॅलर्जी धरतात, हेही तेव्हाच कळलं. माझी त्या हिशेबात कधीचीच बसत होती. दम्याचं काही आहे का म्हणून तुम्ही एका नळीत जोरात फुंकायलाही लावलंत, कारण नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोकं. नाकाची अ‍ॅलर्जी अंगावर काढणाऱ्यांना पुढे दम्याचा धोका जास्त असतो. सर्दीच त होय म्हणणाऱ्यांनी हे ऐकायला हवं होतं.

कातडीवरच्या टेस्टसाठी आठवडाभर आधी गोळी बंद करायला सांगितली होतीत, नाहीतर निकाल खोटा येतो. तो आठवडा कसा काढला ते विचारू नका. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा, प्रत्येक खुणेपाशी एक थेंब आणि त्यावर बारीकशी टोच. रक्तसुद्धा आलं नाही. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, ज्यानं काही उठायला नको, आणि एक हिस्टामिनचा, ज्यानं कोणाच्याही कातडीवर गांध उठते, म्हणजे ताडून पाहता येतं. पंधरा-वीस मिनिटांत दोन ठिकाणी गांधी उठल्या आणि तुम्ही पट्टीनं मोजल्या. एक गाजरगवताची, दुसरी अंथरुणातल्या धुळीच्या किड्यांची. कापूस स्वतः यात निर्दोष निघाला. त्याच्यासोबत घरात येणारी धूळ मात्र कोणाच्याही सुजलेल्या नाकाला सोसत नाही, असं तुम्ही सांगितलंत.

गाजरगवताचं नाव ऐकून मला हसूच आलं. ज्याला आमच्याकडे काँग्रेस म्हणतात, ते मी लहानपणापासून नुसत्या हातांनी उपटत आले. परदेशातून आलेलं हे तण, १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं म्हणतात. आज आमच्या धुऱ्यावर, शाळेच्या आवारात, एसटी स्टँडमागे, सगळीकडे तेच. एकेक झाड हजारो बिया टाकतं. पांढरी फुलं आली की झाड हलवलं तरी पराग उडतो, शिवाय कातडीलाही खाज सुटते. तुम्ही म्हणालात, फुलावर यायच्या आधी उपटा, हातमोजे घाला, आणि फुललेलं असेल तर तुम्ही स्वतः हात लावू नका. हे शेवटचं सासूबाईंच्या समोर म्हणालात ते फार बरं केलंत. सुनेनं सांगितलं असतं तर तो कामचुकारपणा ठरला असता.

नाकातल्या स्प्रेचं नाव काढल्यावर घरच्यांनी फोनवर शोधलं आणि "यात स्टेरॉइड आहे" म्हणून घाबरले. तुम्ही चिडला नाहीत. स्प्रेतलं औषध नाकातच काम करतं, रक्तात फार थोडं जातं. आणि आधी जी सुई मी वर्षानुवर्षं घेत होते तीही बहुतेक स्टेरॉइडचीच असावी. ती पुन्हा पुन्हा घेतली तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. मग स्प्रे मारायचा कसा ते स्वतः करून दाखवलंत. मान थोडी खाली, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे न धरता कानाच्या दिशेला, आणि मारल्यावर जोरात ओढायचं नाही. ओढलं की औषध घशात. रोज मारायचा, बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही, आणि दोन आठवड्यांच्या आत निकाल लावायचा नाही. पुढच्या वर्षापासून पोळ्याच्या आधीच सुरू करायचा. स्प्रेच्या आधी उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ घालून नाक धुवायचं. झोप न आणणारी गोळी मूळ नावानं लिहून दिलीत, ती जनऔषधी दुकानात स्वस्त पडते.

कापूस विकून टाका असं तुम्ही म्हणाला नाहीत, याबद्दल वेगळे आभार. शहरातली डॉक्टर हमखास तसं म्हणाली असती. तुम्ही विचारलंत, ओसरीत झोपता येईल का? आता आम्ही ओसरीत झोपतो आणि खोली कापसाची. गोधड्या, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात तापवतो. ते किडे ओलीवर जगतात आणि आमच्याकडे उन्हाला काय तोटा!

तरीही सोयाबीनच्या हंगामात नाक वळणावर येईना, तेव्हा तुम्ही इंजेक्शनच्या उपचाराचं बोललात. ज्याची अ‍ॅलर्जी त्याचाच अगदी कमी डोस, हळूहळू वाढवत न्यायचा, म्हणजे शरीराला सवय होते. ही पद्धत १९११ पासून चालत आलेली, पण ३ ते ५ वर्षं नेटानं करावी लागते आणि सगळ्यांना सारखा गुण येत नाही, हे तुम्ही आधीच स्पष्ट केलंत. पैशाचा हिशेब कागदावर मांडून दिलात आणि घरी जाऊन विचार करा म्हणालात.

त्यातलं एक मात्र राहून राहून आठवतं. इंजेक्शन झालं आणि मला राळेगावची बस दिसली. मी पिशवी उचलून निघाले, तर तुम्ही केबिनमधून बाहेर आलात. "अर्धा तास बसल्याशिवाय दारातून बाहेर नाही." मी म्हटलं, मॅडम, पुढची गाडी उशिरा आहे. तुम्ही म्हणालात, "गाडी चुकली तर दुसरी मिळेल. इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली तर ती इथेच यायला हवी, रस्त्यात नको." गावातच टोचून घेऊ का म्हणून विचारलं होतं, त्यालाही याच कारणानं नाही म्हणालात. त्या अर्ध्या तासात तुमच्या सिस्टरनं दोनदा हात पाहिला आणि चहा पाजला.

आता कशी आहे विचाराल, तर शिंका गेल्या असं खोटं कशाला सांगू? यंदा यंत्र चालू असताना दोन दिवस त्रास झालाच, मास्क लावूनसुद्धा. पण रात्री नाकानं श्वास घेऊन झोपते. आणि यंदा तिफण निघाली तेव्हा मी पुढे उभी राहून बैलांना कुंकू लावलं. सासूबाई थोड्या धास्तावलेल्या होत्या, पण काही बोलल्या नाहीत.

पुढच्या फेरीला माझ्यासोबत माझी चुलत जाऊ येते आहे. गोळी बंद ठेवायची का ते तुम्ही सांगाल तेव्हाच, तोवर मनानं काही करू नको म्हणून तिला बजावलंय. आल्या आल्या ती "माह्या नाकाचं हाड वाढलं" असंच सांगेल, कारण तिलाही तेच सांगितलंय. तिचा कापूसही झोपायच्या खोलीतच असतो, पण ते ती आपणहून सांगणार नाही. तेवढं विचारून घ्या.

आपली,
राळेगाव तालुक्यातली पेशंट