हळदीचा थर आणि दाढीचा ब्रश : मिरजेच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही येऊ द्यायचे नाही, ही आपली अट मी पाळतो आहे. परंतु चार शब्द फोनवर बोलून थांबावे इतके माझे मन अजून निवलेले नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ज्यांच्या घरी सिग्नलची ताकद वाढवणारा ट्यूबचा ॲम्प्लिफायर आहे अशा, परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवरून बोलणाऱ्या इतर हौशी रेडिओवाल्यांनीही ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

चौदा महिन्यांत माझ्या ॲम्प्लिफायरच्या दोन ३-५०० झेड जातीच्या काचेच्या ट्यूबा निकामी झाल्या. पहिली गेली तेव्हा ज्यांच्याकडे यंत्र नेले त्यांनी नवी ट्यूब बसवून दिली. जुनी कशाने गेली, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. दुसरी गेली तेव्हा दुसऱ्या एका गृहस्थांनी यंत्राचे झाकण उघडण्यापूर्वीच ‘हल्ली मालच तसला येतो’ असे निदान केले, ट्यूबभोवतीची तडा गेलेली काचेची चिमणी अनावश्यक म्हणून काढून टाकली आणि वरच्या जाळीवर खाली हवा फेकणारा एक जादा पंखा चढवला. पैसे दोघांनीही पुरेपूर घेतले, आणि तिसरी ट्यूब बसवून महिना होतो न होतो तोच तिच्या फिलामेंटच्या, म्हणजे आत तापणाऱ्या तारेच्या, पिनेतून सोल्डर ओघळलेले मला दिसले. साधे सोल्डर सुमारे १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि या ट्यूबच्या पिनांजवळचा काचेचा सांधा २०० अंशांपलीकडे तापू द्यायचा नसतो. म्हणजे मी किती काठावर उभा होतो, हे आता कळते.

त्याच सुमारास सकाळी ४० मीटरच्या रेडिओलहरींवर बोलत असताना आपण मला मध्येच थांबवून म्हणालात, “बोलता बोलता तुमचा सिग्नल खाली येतोय. यंत्र बंद करा, मी येतो.” आपली प्रत्यक्ष ओळखही नव्हती, आणि तरीही दुपारच्या उन्हात आपण मिरजेहून आलात.

आल्यावर आपण मीटरला हात लावला नाही. यंत्राची पिन भिंतीतून काढून घेतलीत, बराच वेळ थांबलात, उच्च विद्युतदाबाचा साठा धरून ठेवणारी कपॅसिटर लाकडी दांड्याच्या हुकाने अर्थिंगला जोडून रिकामी केलीत आणि मगच खालचे झाकण उघडून ट्यूबला गार हवा देणारा ब्लोअर बाहेर काढलात. त्याच्या चक्राची पाती वाटीसारखी आत वळलेली असतात. त्या प्रत्येक वाटीत पिवळसर, नमद्यासारखा घट्ट थर बसला होता. आमचे घर मार्केट यार्डाजवळ आहे आणि हंगामात हळदीची भुकटी आमच्या खिडक्यांवरही बसते, पण ती या चक्रात साठत असेल, असे माझ्या कधी मनात आले नाही. वाटी भरली की पाते हवा उचलू शकत नाही. मोटर मात्र तशीच घुमत राहते, आणि मी त्या आवाजावर विसंबून निर्धास्त होतो.

त्यानंतर जे घडले त्यासाठी खरे तर हे पत्र आहे. माझी अकरा वर्षांची मुलगी दारात उभी राहून पाहत होती. आपण शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला दाढीचा जुना ब्रश काढलात आणि तो माझ्या हाती न देता तिच्या हाती दिलात. एक पाते स्वतः साफ करून दाखवलेत आणि उरलेली सगळी तिला करू दिलीत. तिला तासभर लागला. त्या तासात आपण एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही, आणि ‘निष्काळजीपणा’ हा शब्दही उच्चारला नाही. ब्लोअर परत बसवल्यावर पतंगाच्या कागदाची एक पट्टी तिच्याकडून ट्यूब बसते त्या सॉकेटवर धरवलीत. पट्टी सरळ वर उडाली तेव्हा ती ज्या आनंदाने ओरडली, तो आवाज माझ्या कानांत अजून आहे. वरचा पंखा लावताच तीच पट्टी मधल्यामध्ये फडफडत राहिली. खालून येणाऱ्या हवेला तो पंखा वरून अडवत होता, हे तिला शब्दावाचून समजले.

तो पंखा काढून आपण आपल्याकडची चिमणी बसवलीत, कारण हवा सॉकेटमधून पिनांना लागून वर यावी आणि काचेला धरूनच प्लेटच्या (ट्यूबमधल्या उच्च दाबाच्या पत्र्याच्या) वरच्या टोपीपर्यंत जावी, हे काम चिमणीवाचून होत नाही. प्लेटला दिलेल्या दर १०० वॉटांपैकी ढोबळमानाने ६० अँटेनाकडे जातात आणि उरलेल्या ४० वॉटांची उष्णता होते. त्याशिवाय ५ व्होल्ट आणि १४.५ अँपिअरचे फिलामेंट, आपण एक शब्द बोलत नसतानाही, ७२ वॉट तापत असते. एवढे साधे गणित मला आधी कोणी सांगितले नव्हते.

फिलामेंटचा विद्युतदाब (व्होल्टेज) पाहायला आपण मुद्दाम रात्रीपर्यंत थांबलात. रात्री आमच्याकडची वीज २४८ व्होल्टांवर होती आणि ट्रान्सफॉर्मरची जोडणी २२० च्या टॅपवर, म्हणजे २२० व्होल्टांच्या विजेसाठीच्या टोकावर, होती. सॉकेटच्या पिनांवर ५.६ व्होल्ट भरले, जेथे ५.२५ ही कमाल मर्यादा आहे. अशा फिलामेंटचा दाब नेहमीपेक्षा तीन टक्क्यांनी वाढला तरी आयुष्य जवळपास निम्मे होते, असे आपण सांगितलेत. तो टॅप मीच निवडला होता, हे आपल्या लक्षात आले असणारच. पण मुलीसमोर आपण “तुमच्याकडे रात्री वीज फार चढते,” एवढेच म्हणून तार २४० वर हलवलीत. काका, चूक दाखवताना माणसाची मान खाली जाणार नाही याची काळजी घेणारे लोक मी फार थोडे पाहिले आहेत. ज्यांना यातले काही ठाऊक नव्हते त्यांनी मालाला दोष दिला, आणि ज्यांना सगळे ठाऊक होते ते आपण माझा दोष विजेवर घातलात. ही सभ्यता अंगी असलेली माणसे अजून एका हाकेच्या अंतरावर आहेत, याचा मला ट्यूब वाचल्याइतकाच आनंद आहे.

आता यंत्र जुळवताना (ट्यूनिंग) मी कॅरिअर, म्हणजे अखंड सिग्नल, पाच सेकंदांहून अधिक धरून ठेवत नाही, आणि बोलणे संपल्यावर फिलामेंट बंद करून ब्लोअर आणखी पाच मिनिटे चालू ठेवतो. ट्यूब उत्तम आहे. ब्रश शॅकमध्ये, म्हणजे माझ्या रेडिओच्या खोलीत, खिळ्याला टांगला आहे, आणि त्याच्याशेजारी मुलीने एक वही ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती पाती झाडते आणि तारीख लिहिते. पुढच्या वर्षी तिला बारा पूर्ण होतील आणि ती परवान्याच्या परीक्षेला बसेल. आपल्याला पहिली हाक तिला स्वतःच्या कॉलसाइनने, म्हणजे परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळखसंकेताने, घालायची आहे. तेव्हा सकाळी ४० मीटरवर आपण असावे, एवढी विनंती.

७३ (आमच्या रेडिओवाल्यांच्या संकेतात ‘शुभेच्छा’).

आपला ऋणी,
सांगलीचा एक हौशी रेडिओवाला